टिटवीसाठी वळलेली वाट

मी एक जुनी टिटवी आहे. म्हातारी म्हणत नाही, कारण म्हातारपणी घटकाभर बसायला मिळतं असं ऐकते, आणि मला ते अजून मिळालेलं नाही. जळगावला लागून मेहरूणचा तलाव आहे ना, त्याच्या काठच्या मुरमाड माळावर माझं घर. घर म्हणजे काय, तर जमिनीत केलेला वाटीएवढा खळगा आणि त्यात गोळा केलेले चार खडे. छप्पर नाही, दार नाही, कडी-कोयंडा तर नाहीच.

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल तरी ऐकलं नक्की असेल. माझे पाय पिवळे, लांब. चोचीपासून डोळ्यापर्यंत लाल कातडं. आणि आवाज असा की अर्धा तलाव दचकतो. मी ओरडले की तुमच्या घरातलं कुणीतरी कपाळाला आठ्या घालून म्हणतं, "झालं, ओरडली मेली! आता काय वाईट ऐकायला मिळतंय कोण जाणे." वाईट मी आणत नाही हो. मी ओरडते, कारण तुम्ही येता. तुम्ही नाही आलात तर मी ओरडणार नाही, इतकी साधी गोष्ट आहे. पण ही साधी गोष्ट समजावता समजावता माझा जन्म चालला.

लोक म्हणतात, हिला झाडावर घरटं बांधायला काय होतं? माझ्या पायाचं मागचं बोट नावापुरतं आहे, त्याने फांदी धरता येत नाही. चिमणीला वळचण आहे, सुगरणीला विहिरीवरची डहाळी आहे, कावळ्याला तर अख्खी बाभूळ आंदण दिलेली आहे. मला जमीन मिळाली. आणि जमिनीवरून सगळं जग चालतं.

आणखी एक सांगतात. टिटवी म्हणे पाय वर करून झोपते आणि आभाळ खाली पडू नये म्हणून पायांवर पेलून धरते. आभाळ! इथे चार अंडी सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो, आणि ह्यांनी आभाळही माझ्याच अंगावर टाकलंय.

माझा जन्म जीवराम आबांच्या वावरात झाला. आबा कपाशीवाले शेतकरी. तलावाच्या काठाला त्यांचं वावर आहे. मी अंड्यात होते तेव्हा ते वखर घेऊन आले. माझी आई पंख पसरून बैलांच्या पुढ्यात उभी राहिली आणि ओरडत सुटली. बैल थबकले. आबांनी खाली वाकून अंडी पाहिली, वखर उचलला, अंड्यांना वळसा घातला आणि पुढे गेले. साऱ्या वावरात भाकरीएवढा एक तुकडा तसाच राहिला. त्या तुकड्यावर मी जन्मले. त्यामुळे आबांवर माझी माया आहे. पण माया आहे म्हणून वैताग येत नाही असं थोडंच आहे? उलट जास्त येतो.

कारण आबा माझ्या अंड्यांत पाऊस पाहतात.

आमच्या भागात ही जुनी रीत आहे. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस दांडगा, खोलगट जागी घातली तर बेताचा. आणि जितक्या अंड्यांची निमुळती टोकं जमिनीकडे, तितके महिने पाऊस. त्यामुळे मी खळगा उकरायला लागले की माझ्यामागे कुणी ना कुणी उभं असतंच. तुमच्या घरी बाळ व्हायची वेळ आली आणि अंगणात चार शेतकरी येऊन बसले तर तुमच्या आईला कसं वाटेल? तसं मला वाटतं.

बरं, ती टोकं कोण फिरवतं? मीच फिरवते! अंडी एकाच कुशीवर ठेवली तर आतलं पिल्लू कवचाला चिकटून बसतं. म्हणून मी बसताना-उठताना चोचीने ती हळूच हलवते. सकाळी टोकं एकीकडे, दुपारी दुसरीकडे. त्यात पाऊस कुठून आला? पण हे आबांना कोण सांगणार? मी सांगायला गेले की त्यांना फक्त "टिटिव टिव" ऐकू येतं, आणि ते म्हणतात, "ओरड माय, ओरड. पानी येई, लौकर येई."

आता त्या वर्षाचं सांगते. सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते. तलावाचं पाणी आत आत सरकत चाललं होतं आणि काठाला नुसत्या भेगा. त्याआधीच्या माझ्या अंड्यांचंही काही धड झालं नव्हतं. एका खेपेला मुंगूस आलं, एका खेपेला शेळ्यांचा कळप वरून गेला. म्हणून या वेळी मी जागा फार विचार करून निवडली. रस्त्यापासून तलावाकडे एक पायवाट जाते, तिच्या अगदी कडेला, आबांच्या बांधाच्या अलीकडे. तिथे गवत नव्हतं, खडे माझ्या अंड्यांच्याच रंगाचे होते आणि चारी दिशांनी येणारा लांबून दिसायचा. पाणी आटल्यापासून त्या वाटेने कुणी येत नव्हतं. मी जोडीदाराला म्हटलं, "इथे आपल्याला कोण त्रास देणार?"

मित्रांनो, हे वाक्य कधीही मोठ्याने बोलू नये.

चौथं अंडं घातलं आणि दुसऱ्याच दिवशी पितांबरची गाढवं आली. पितांबरची वीटभट्टी माळाच्या पलीकडे. तलाव आटला म्हणजे तळाचा गाळ उघडा पडतो, आणि विटांना तो फार चांगला. त्यामुळे जी वाट मी ओस समजून निवडली होती, तीच पाणी आटल्यामुळे वाहती झाली. रिकामी गाढवं तलावाकडे, भरलेली भट्टीकडे, पुन्हा रिकामी तलावाकडे. गाढव काही वाईट जनावर नाही, पण ते पायाखाली पाहून चालत नाही. पाठीवर गाळाच्या गोणी असल्या की ती एकमेकांना रेटत चालतात आणि वाट रुंद होत जाते. रोज खुरांच्या खुणा माझ्या खळग्याकडे थोड्या थोड्या सरकत होत्या. एक खूर चुकला की संपलं.

मी पंख पसरून उभी राहायची, माझा जोडीदार गाढवांच्या कानांवरून झेप घ्यायचा. गाढवं कान हलवायची आणि चालायची. माझी आई बैलांना थांबवू शकली, पण गाढवाला थांबवायचं म्हणजे त्याची स्वतःची इच्छा असावी लागते.

त्यात ऊन. खानदेशातला तो चैत्र! खडे असे तापायचे की पाय ठेववत नसे. अंडी उबवायची म्हणतात, पण आमच्याकडे दुपारी अंडी थंड ठेवणं हेच खरं काम. मी तलावावर जायची, पोटाची पिसं पाण्यात बुडवायची आणि तशीच निथळत परत येऊन अंड्यांवर बसायची. मग माझा जोडीदार जायचा. तो परत आला की मी. आमची दुपार अशी जायची. घास पोटात जायचा तो जाता-येता जे किडूक सापडेल तेवढाच.

आणि एवढ्यात मी पाण्यावरून परत यावं तर आबा खळग्यापाशी बसलेले!

"एकच टोक खाले?" ते कपाळाला हात लावून स्वतःशीच बोलत होते. "नही नही. आसं कसं व्हई?" असं म्हणून त्यांनी आपल्या जाड बोटांनी माझी दोन अंडी अलगद फिरवली, टोकं जमिनीकडे केली, समाधानाने पाहिलं आणि वावरात निघून गेले. जणू आता वर कुणीतरी ते वाचणार होतं.

दुसऱ्या दिवशी पितांबर आला. त्याच्या कच्च्या विटा उन्हात वाळत पडल्या होत्या. अवकाळी पाऊस आला तर त्यांचा पुन्हा चिखल. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खाली बसला आणि सगळी टोकं वर करून ठेवली. त्याच संध्याकाळी आबांनी ती पुन्हा खाली केली.

मी आणि माझा जोडीदार दोघंही त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत होतो. आम्ही शिव्या देत होतो हो, साध्या सरळ शिव्या. पण दोघांनीही वर पाहून हात जोडले.

अशा दिवसांत निसर्ग सहल आली.

शाळा सकाळची झाली होती. ऊन चढायच्या आत चौथीच्या मुलांना पक्षी दाखवावेत म्हणून कुंदाबाई त्यांना घेऊन आल्या. कुंदाबाई म्हणजे मुलांच्या वर्गबाई. तरुण होत्या, अंगाने किरकोळ, काखेत काळी छत्री. कडेवर त्यांची स्वतःची दोन वर्षांची मुलगी. घरी सांभाळायला कुणी नसेल, म्हणून आणली असेल. तिचं पाळण्यातलं नाव काय होतं कोण जाणे, सगळा वर्ग तिला ताईबाई म्हणायचा.

"रांगेत चला. आवाज नको. आवाज केला तर पक्षी दिसणार नाहीत," कुंदाबाई सांगत होत्या, आणि वर्ग एका सुरात विचारत होता, "बाई, डबा कधी खायचा?"

रांग सरळ माझ्याकडे येत होती. जोडीदाराने पहिली झेप घेतली. पहिल्या मुलाची टोपी उडाली. मुलं किंचाळली, रांग मोडली. एकीचा डबा पडला, लोणचं-पोळी मातीत. मी माझ्या आईकडून शिकलेलं ते शेवटचं काम केलं. खळग्यापासून लांब पळत गेले, एक पंख मोडल्यासारखा जमिनीवर टाकला आणि लंगडत, फरफटत चालू लागले. माझ्याकडे पाहा, मला धरा, मी सहज सापडेन, फक्त तिकडे पाहू नका. शत्रूला अंड्यांपासून लांब न्यायची आमची ही रीत आहे.

"बाई! हिचा पंख मोडला!"

"अरे रे, बिचारी!"

"बाई, माझ्या रुमालात धरू का? आपण तिला डॉक्टरकडे नेऊ."

अख्खा वर्ग माझ्यामागे. काम फत्ते झालं असं मी समजले. पण वळून पाहते तर काय! सगळे माझ्यामागे आले होते, एक सोडून. ताईबाई आईच्या कडेवरून उतरली होती आणि वाटेवर फतकल मारून खडे वेचत होती. गोल, गुळगुळीत, ठिपक्यांचे खडे तिला फार आवडलेले दिसत होते. तिचा हात माझ्या खळग्याकडे निघाला होता.

माझा मोडलेला पंख क्षणात बरा झाला. मी उडाले ते थेट तिच्यावर. तिच्या केसांना माझे पाय लागले आणि तिने भोकाड पसरलं. "अगं बाई!" म्हणत कुंदाबाई धावल्या. त्यांनी लेकीवर छत्री उघडून धरली, वर पदर टाकला आणि स्वतः पुढे उभ्या राहिल्या. मी खळग्यापुढे उतरले, पंख पसरले आणि ओरडू लागले. त्याही ओरडत होत्या, मीही ओरडत होते. त्यांचा श्वास फुलला होता, माझाही.

"थांब ग बाई, थांब! लेकरू आहे माझं!" त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी माझ्यामागे पाहिलं. त्यांच्या चपलेपासून वीतभर अंतरावर चार अंडी होती. छत्री हळूहळू खाली आली. मग ताईबाईला उचलून त्या एक एक पाऊल मागे गेल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "चुकलं ग. तुझीही आहेत."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मला वाटलं, सुटले. आता ही बाई सगळ्यांना लांब नेईल आणि हा विषय संपेल.

पण बाई पडल्या शिक्षिका. त्या आपल्या वर्गाला काहीतरी चांगलं शिकवल्याशिवाय कशा राहतील? दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग पुन्हा हजर. मुलांनी शाळेतून फक्की आणली होती. फक्की म्हणजे कबड्डीचं मैदान आखायची ती पांढरी पूड. कुणाचा पाय पडू नये म्हणून त्यांनी माझ्या खळग्याभोवती मोठं, ठसठशीत पांढरं रिंगण आखलं. मी आयुष्यभर खड्यांत खडा होऊन लपायला शिकले, आणि ह्यांनी माझ्याभोवती अशी खूण केली की आभाळातल्या घारीलाही वाट विचारायला लागू नये! त्यावर पुठ्ठ्याची पाटी लावली: 'शांतता राखा. टिटवीची अंडी आहेत.' पाटीवर फूलही काढलं होतं. एका वाटीत पाणी. आणि मला भूक लागली असेल म्हणून रिंगणात बाजरी, ज्वारी, कुणी पोळीचा तुकडा, कुणी अर्धं बिस्कीट.

मी बाजरी खात नाही. मी किडे खाते. पण त्यांच्या लेखी मी कोंबडीची कुणीतरी लांबची बहीण असणार. मुलं इतक्या मायेने ते सगळं ठेवत होती की मला त्यांच्या अंगावर धडपणे ओरडताही येईना. तरी ओरडलेच.

त्यांची पाठ वळली आणि बाजरीवर कावळे उतरले. एकाला हाकललं तर दुसरा. माझा जोडीदार एकाच्या मागे गेला, मी दुसऱ्याच्या. तिसरा शांतपणे चालत रिंगणात आला. पोळीचा तुकडा त्याने सोडून दिला. एक अंडं त्याने फोडलं.

त्याबद्दल मी जास्त बोलत नाही. मी परत येऊन उरलेल्या तिघांवर बसले. ऊन होतं. बसणं भाग होतं.

सकाळी उजाडताच खळग्याशी भांडण सुरू झालं. पहिले आबा आले. कवच पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला.

"पितांबर! तुना गधडानी फोडं! माले मालूम व्हतं!"

"मना गधडासनं नाव नको लेऊ आबा," पितांबर गोणी टाकून आला आणि जमिनीकडे बोट दाखवू लागला. "खूर कथा शे इथे? दखा ना नीट!"

"मग टोकं कोनी फिराया? परवा मी खाले करी गयतू, काल बठ्ठा वर!"

"म्हंजे तुम्हीच फिरावतस?" पितांबर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "आन माले चोर म्हनतस!"

"मी पानीसाठे फिरावस. तू काबर फिरावस?"

"मी विटासाठे!"

एवढ्यात कुंदाबाई आल्या. शाळा भरायला वेळ होता. ताईबाई कडेवर, वर्गातली दोन-तीन मुलं मागे. पाण्याची वाटी बदलायला आल्या होत्या. त्यांनी फुटलेलं कवच पाहिलं, बाजरीवर सांडलेला बलक पाहिला, बाभळीवर बसलेले कावळे पाहिले. त्यांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही. हातातलं पाणी त्यांनी बाजूला ओतून टाकलं.

"कुणाची गाढवंबिढवं नाहीत," त्या म्हणाल्या. "दाणे मी टाकायला लावले."

मग कुंदाबाईंना येताना कानावर पडलेलं त्या दोघांचं बोलणं आठवलं.

"आणि तुम्ही दोघं अंडी फिरवत होता? आबा? ती काय रेडिओची बटणं आहेत, फिरवली की पाऊस लागायला?"

मागची मुलं खुदकन हसली. आबांनी मुंडासं सारखं केलं. "बाई, रीत शे ती. जुनी शे."

"रीत पाहायची आहे का फिरवायची?"

पितांबर हळूच म्हणाला, "पाहायचीच शे तशी." मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्यावर खूश झाले.

"मग आता मला सांगा," कुंदाबाई म्हणाल्या, "उरलेली तीनही फुटली, तर तुमची रीत काय म्हणते?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हे दोघांपैकी कुणालाच तोंडातून काढायचं नव्हतं. शेवटी आबाच बोलले, अगदी खालच्या आवाजात. "तं मग पानीच नही, बाई. एक थेंब नही." आणि पितांबरने मान हलवली, कारण पाऊसच नाही तर तलाव कुठला, आणि तलाव नाही तर गाळ कुठला?

कुंदाबाईंनी चपलेने ते पांढरं रिंगण पुसायला घेतलं. पाटी उपटली. मुलांनी बाजरीचे दाणे एक एक करून वेचले. ज्यांनी ते मायेने टाकले होते, त्यांनीच ते वेचले; एक मुलगी नाक ओढत वेचत होती. मी या सगळ्या वेळात तिथेच, पाच-सहा हातांवर उभी राहून ओरडत होते. कृपा करायची तर लवकर करा आणि जा, असं मला म्हणायचं होतं.

पण गाढवांचं काय? वाट तर तीच होती.

"वाटच वळवायची," कुंदाबाई म्हणाल्या.

"कथी वळावशी? इकडे दगडा, तिकडे मनं वावर," आबा म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच कळलं की काय होणार आहे. "नही नही बाई. वावरमा वाट घाली तं दोन तासं जाथीन मनी. धोंड्यासारखी घट्ट व्हई जाई जमीन." तासं म्हणजे पेरणीच्या ओळी.

आबा जरा वेळ माझ्याकडे रागाने पाहत राहिले, मग त्या तीन अंड्यांकडे. मी त्यांच्या पायापाशी उभी होते, पंख पसरून, जशी माझी आई त्यांच्या बैलांपुढे उभी होती. त्यांना ते आठवलं की नाही मला माहीत नाही. ते वळले, बांधावरचे बोरीचे काटे उपसून बाजूला फेकले आणि करवादून म्हणाले, "चाला! डोकं खायी टाकं हाई पाखरूनी!"

वाट काही सांगून वळत नाही, ती पायांनी पडते. कुंदाबाईंनी दुसऱ्या दिवशी वर्ग आणला आणि माझ्यापासून चांगला लांब वळसा घेऊन आबांच्या वावराच्या कडेने मुलांना चालवलं. पुढे, मागे, पुन्हा पुढे, पाढे म्हणत म्हणत. ढेकळं दबली, नवी वाट दिसू लागली. पितांबरने पहिल्या गाढवापुढे हिरव्या घासाची पेंढी धरली आणि उलट्या पावलांनी चालत त्याला नव्या वळणावर नेलं. पहिलं गेलं तसं बाकीचीही गेली. आठवडाभरात गाढवांना जुनी वाट आठवेनाशी झाली. आबा काही अंडी पाहायचे सोडणार नव्हते, पण आता बांधावरूनच डोळ्यांवर हात धरून पाहायचे. तिथून त्यांना टोकं दिसत नव्हती, त्यामुळे रोज पुरे तीन महिने पाऊस दिसत होता.

आणि मग एका सकाळी अंड्यांतून आवाज आला. टकटक, अगदी बारीक. मित्रांनो, माझी तीन पिल्लं बाहेर आली आणि अंग वाळताच उठून चालू लागली. आमची पिल्लं घरट्यात बसून घास मागत नाहीत. त्यांना चालत पाण्याकडे न्यावं लागतं. पाण्याकडे न्यायचं म्हणजे वाट ओलांडायची. नवी वाट. गाढवांची.

आम्ही वाटेच्या मधोमध होतो तेव्हा भरलेली गाढवं वळणावरून आली. मी ओरडले, आणि माझी शहाणी लेकरं तिथेच, खुरांच्या वाटेत, जमिनीला चिकटून बसली. आम्ही त्यांना तेच शिकवतो ना! धोका दिसला की हलायचं नाही. मी त्यांना "पळा" म्हणून ओरडत होते आणि त्यांना ते "बसा" असं ऐकू येत होतं.

पहिलं गाढव तसंच पुढे येत होतं. पितांबरने धावत येऊन त्याचा कान धरला आणि सगळ्या ओळीला थांबवलं. मागची गाढवं पुढच्यांवर आदळली, एक गोणी फाटून गाळ सांडला. ऊन डोक्यावर आलं होतं. पिल्लं हलत नव्हती, आणि मी तिथून सरत नव्हते.

"चाल ना व माय," पितांबर घाम पुसत म्हणाला. "मना कामनी वेळ शे. तुले काय, तुले भट्टी थोडी शे!"

मी ओरडले.

"बरं बरं. बस. मी बी बससू." आणि तो खरंच वाटेच्या कडेला उकिडवा बसला. त्याने खिशातली तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि गप्प राहिला. गाढवंही गप्प राहिली. तेव्हा कुठे मी गप्प झाले. आवाज थांबला तसं माझं पहिलं पिल्लू उठलं, मग दुसरं, मग तिसरं. पिवळ्या काडीसारख्या पायांनी धावत ती पाण्याकडे गेली.

त्या वर्षी पाऊस आला. त्याला जेव्हा यायचं होतं तेव्हा आला. आबा म्हणाले, टिटवीमुळे आला. पितांबरच्या शेवटच्या विटा भिजल्या, आणि तोही म्हणाला, टिटवीमुळेच आला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पितांबरने गाढवं विकून जुना ट्रॅक्टर घेतला, तो दुसऱ्या रस्त्याने जातो. रिंगण, पाटी, बाजरी कुणाला आठवत नाही. पण वाट वळली ती वळलीच. सकाळी फिरायला येणारी माणसं तिथे आली की सवयीने वळसा घेतात, आणि आपण का वळलो ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांनी सोडलेल्या सरळ तुकड्यावर मात्र गुडघाभर गवत वाढलं. इतकं की तिथे मला कोण येतंय ते दिसेना. मला तर मोकळी, दडपलेली, खड्यांची जमीन लागते. आता तशी जमीन कुठे उरली होती? त्या वळणावरच!

म्हणून या वर्षी मी माझी अंडी तिथे घातली. वळलेल्या वाटेवर, बरोबर मधोमध.

परवा सकाळी निसर्ग सहल आली. कुंदाबाईंना आता चष्मा लागलाय. रांगेत सर्वात पुढे त्यांची मुलगी होती, ताईबाई, चौथीतली. तिने मला लांबूनच पाहिलं आणि दोन्ही हात पसरून अख्खी रांग थांबवली.

"बाई," ती म्हणाली, कारण शाळेत आईला बाईच म्हणायचं असं त्यांचं ठरलेलं होतं, "हिने वाटेवरच घातलीत!"

कुंदाबाईंनी चष्मा वर सरकवला. "अगं, हिला अख्ख्या मेहरूणमध्ये दुसरी जागा मिळत नाही का?"

कुणी जवळ आलं नाही. कुणी खिशातून दाणे काढले नाहीत. ताईबाईने हात तसेच ठेवले आणि रांग माझ्यापासून लांब, आणखी आत, आबांच्या वावरात वळवली. लांबून म्हाताऱ्या आबांचा आवाज आला, "परत? आखो दोन तासं गयात मनी!" पण ते उठले नाहीत.

मुलांनो, माझं मागणं फार मोठं नाही. मला दाणे नकोत, पाटी नको, रुमालात घालून डॉक्टरकडे न्यायला नको. माझ्यावर माया करायची असेल तर ती लांबून करा. वाट तुमची आहे हे मला मान्य आहे. फक्त महिनाभर ती थोडी वळवून घ्या. पाय दुखतील, वावरातली ढेकळं लागतील, उशीर होईल. माझ्या नावाने चिडलात तरी चालेल. मीही तुमच्यावर चिडलेलीच असते.

त्या दिवशी सगळी रांग शहाण्यासारखी वळसा घालून गेली. एकही पाऊल चुकलं नाही. तरी मी शेवटचं मूल दिसेनासं होईपर्यंत त्यांच्या डोक्यावर ओरडत राहिले. ताईबाईने एकदा वर पाहिलं, डोक्यावरचे केस दोन्ही हातांनी झाकले आणि हसली.